बाहेरून १८७३, आतून आजची : 'काउबॉय' बंदुकीची साक्ष कितपत ग्राह्य धरावी?

#धागा

समाजमाध्यमांवर एका प्रकारची चित्रफीत वारंवार फिरत असते. रुंद काठाची टोपी, जाकीट, कमरेला दोन रिव्हॉल्व्हरे. घंटा वाजते, माणूस लिव्हरची रायफल उचलतो आणि दोन-तीन सेकंदांत दहा गोळ्या झाडतो; दहाही पोलादी पाट्या खणखणतात. खाली निरनिराळ्या भाषांत एकाच आशयाची प्रतिक्रिया असते : असा होता खरा वाइल्ड वेस्ट.

हा धागा त्या एका वाक्याविरुद्ध आहे. चित्रफितीतील माणसाचे कौशल्य अस्सल आहे आणि त्याबद्दल कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या हातातील वस्तूचा आहे. ती वस्तू १८७३ सालची दिसते, आणि ती तशी दिसावी याची तजवीज नियमपुस्तकानेच केलेली आहे.

प्रथम खेळाविषयी. 'काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग' हा प्रकार १९८०च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. आधुनिक पिस्तुलांच्या स्पर्धांना कंटाळलेल्या काही मंडळींनी जुन्या पाश्चिमात्य चित्रपटांतील बंदुका घेऊन सामने भरवले. १९८७ साली त्यातून 'सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी' उभी राहिली आणि 'एंड ऑफ ट्रेल' हा तिचा मुख्य मेळावा ठरला. प्रत्येक सभासदाने टोपणनाव घ्यायचे, काळाला शोभेल असा पोशाख करायचा, आणि दोन सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाचे काडतूस घेणारी एक रायफल व एक शॉटगन अशा चार शस्त्रांनी जवळच्या पोलादी लक्ष्यांवर नेम धरायचा. गुण वेळेवर मोजतात. एक नेम चुकला की पाच सेकंदांचा दंड. क्रम चुकला की दहा सेकंदांचा.

लक्ष्य मोठे, अंतर थोडे, घड्याळ चालू. या तीन अटी एकत्र आल्या की शस्त्राचे काय होते, हे समजून घेण्यासाठी मूळ शस्त्राकडे जावे लागते.

१८७३ हे वर्ष या खेळाचे आराध्य दैवत आहे. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने कोल्टचे 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि विंचेस्टरची 'मॉडेल १८७३' रायफल बाजारात आली. कोल्टचे मूळ .४५ काडतूस म्हणजे सुमारे २५५ ग्रेन वजनाची शिशाची गोळी आणि तिच्यामागे ४० ग्रेन काळी दारू. विंचेस्टरचे .४४-४० म्हणजे २०० ग्रेनची गोळी आणि तेवढीच, ४० ग्रेन दारू. बार उडाला की पांढऱ्या धुराचा दाट पडदा उभा राही. दारूची काजळी नळीत, फिरत्या सिलिंडरच्या फटीत आणि कण्यावर साचत जाई. काही फैरींनंतर सिलिंडर जड फिरू लागे. हाताला बसणारा झटका मोठा असे. दुसरा नेम धरण्याआधी हात खाली आणावा लागे आणि धूर विरण्याची वाटही पाहावी लागे.

आता आजच्या स्पर्धकाच्या हातातील रायफल पाहू. ती बहुधा इटलीत, ब्रेशिया प्रांतातील गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे घडलेली प्रतिकृती असते. बंदुका घडवण्याची त्या दरीची परंपरा कित्येक शतकांची आहे, त्यामुळे प्रतिकृती उत्तमच असते. पण ती तशीच्या तशी सामन्यात नेणारा नेमबाज पहिल्या काही क्रमांकांत क्वचितच दिसतो. त्याआधी ती गनस्मिथच्या बाकावर जाते.

तेथे तिचे काय होते? १८७३च्या रायफलीत लिव्हर आणि बोल्ट यांना जोडणारे सांधे असतात. मनुष्याचा गुडघा दुमडतो आणि ताठ होतो, त्याप्रमाणे ते दुमडतात आणि ताठ होतात. गुडघा ताठ झाला की काडतुसामागचे दार बंद झाले असे समजावे. हे सांधे काढून त्यांच्या जागी खिळीच्या जागा बदललेले नवे सांधे बसवतात. परिणाम असा की बोल्ट पूर्वीइतकाच मागे-पुढे जातो, पण लिव्हरला फिरावे लागणारे अंतर बरेच घटते. यालाच 'शॉर्ट स्ट्रोक' म्हणतात. काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा काढून अ‍ॅल्युमिनियमचा हलका ठोकळा घालतात. घोड्याची स्प्रिंग पातळ करतात. परस्परांवर घासणारे सगळे पृष्ठभाग आरशासारखे होईपर्यंत घोटतात. इतके झाल्यावर ती लिव्हर एका बोटाने चालते.

रिव्हॉल्व्हरचीही तीच कथा. कोल्टच्या मूळ रचनेतील पत्तीच्या स्प्रिंगा, विशेषतः चापाची आणि सिलिंडर अडवणाऱ्या खिट्टीची, मोडण्यासाठी कुप्रसिद्ध होत्या. आज तिथे पियानोच्या तारेसारख्या पोलादी तारेची स्प्रिंग बसवतात. पुष्कळ स्पर्धक तर कोल्टची प्रतिकृतीही वापरत नाहीत. ते रूगर कंपनीचे १९९३ साली आलेले 'व्हॅकेरो' वापरतात. व्हॅकेरो म्हणजे स्पॅनिश भाषेतील गुराखी. नाव मेक्सिकोचे, चेहरा १८७३चा, आणि आत विसाव्या शतकातील गुंडाळी-स्प्रिंग व घोडा चुकून आपटला तरी बार उडू न देणारी सुरक्षा-पट्टी. शॉटगनच्या कोठ्या एवढ्या गुळगुळीत करतात की बंदूक मोडून मागे झटकली की रिकामी काडतुसे आपोआप निसटून पडतात. काडतुसे आपणहून बाहेर फेकणारी यंत्रणा नियमाने वर्ज्य आहे. पळवाट घोटकामाने काढली!

येथपर्यंतचा भाग कारागिरीचा आहे आणि तो वाचनीय आहे. खरी मेख दारूगोळ्यात आहे.

घोड्याची स्प्रिंग हलकी केली की घोड्याचा आघातही हलका होतो. मग काडतुसाच्या बुडातील प्राइमर मऊ लागतो; कठीण प्राइमर अशा आघाताला दाद देत नाही. तो मऊ प्राइमर आपल्या खोबणीत पुरता खोल बसवावा लागतो. किंचित वर राहिला तर पहिला आघात त्याला आत सरकवण्यातच खर्च होतो आणि बार उडत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये तर तो सिलिंडर फिरूही देत नाही. म्हणजे बंदूक 'जमवली' की काडतूसही तिच्या बरोबरीने जमवावे लागते. दुकानातील कोणतेही काडतूस उचलून घालण्याची सोय उरत नाही. सरहद्दीवरच्या माणसाला ही चैन परवडली नसती. पेठेत जे मिळेल ते त्याच्या बंदुकीने पेटवायला हवे होते, आणि म्हणूनच कारखान्यातून येणारी स्प्रिंग जाड होती. ज्या जाडीला आजचा स्पर्धक दोष मानतो, ती त्या काळची विम्याची पावती होती.

मग गोळी. नियमानुसार गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांतील वेग भागिले हजार, हा आकडा किमान ६० हवा. शिवाय वेग ४०० फुटांच्या खाली नको. कमाल मर्यादा रिव्हॉल्व्हरला १,००० आणि रायफलीला १,४०० फूट. स्पर्धकाचे सारे लक्ष खालच्या कुंपणाकडे असते. .३८ स्पेशलमध्ये १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांनी सोडली की आकडा ६३ येतो, म्हणजे काम झाले. मूळ .४५ कोल्टची २५५ ग्रेनची गोळी सुमारे ९०० फुटांनी निघत असे; तिचा आकडा २३०च्या आसपास भरतो. फरक साडेतीन पटींहून अधिक आहे. झटका सर्वस्वी या एकाच आकड्यावर ठरत नसला, तरी मुख्यत्वे यावरच ठरतो. चित्रफितीत रिव्हॉल्व्हरची नळी जागची हलत नाही, याचे रहस्य मनगटात थोडे आणि या गुणाकारात पुष्कळ आहे.

.३८ स्पेशल हे काडतूसही एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीचे. विंचेस्टरने आपली मूळ १८७३ रायफल त्या काडतुसासाठी कधीच बनवली नाही; .४४-४०, .३८-४०, .३२-२० आणि काही .२२, एवढीच तिची मूळ कुळी. आजच्या प्रतिकृती बहुसंख्येने ज्या .३५७ मॅग्नमच्या मापाच्या असतात, ते काडतूस १९३५चे. म्हणजे ज्या संयोगातून ती अद्भुत गती जन्मते, तो संयोग जुन्या पश्चिमेत अस्तित्वातच नव्हता.

ज्यांना हट्टाने .४५ कोल्टच वापरायचे असते, त्यांची वेगळी पंचाईत होते. ते लांब काडतूस ४० ग्रेन काळ्या दारूने पूर्ण भरावे या हिशेबाने घडलेले आहे. त्यात आजच्या धुराविरहित दारूची चिमूटभर मात्रा टाकली की ती आत इकडेतिकडे लोळते. नळी खाली होती की वर, यावर वेग बदलतो. दाब इतका कमी असतो की पितळी कवच फुगून कोठीला घट्ट चिकटत नाही आणि काजळी मागे उडते. यावर 'ट्रेल बॉस' नावाची फुलवलेली, जागा व्यापणारी दारू निघाली. कोणी काडतुसाचे कवचच आखूड केले. जुन्या पात्रात नवा, पातळ रस्सा ओतण्याचा हा सगळा खटाटोप आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते हास्यास्पद मुळीच नाही, म्हणून त्याला पुरती जागा देणे भाग आहे.

पहिला युक्तिवाद : त्या काळचे लोकही बंदुका जमवून घेत. हे खरे आहे, आणि पुरावाही भक्कम आहे. जुलै १८८५ मध्ये डॉज सिटीहून बॅट मास्टरसनने कोल्ट कंपनीला पत्र लिहून स्वतःसाठी रिव्हॉल्व्हर मागवले. निकेलचा मुलामा हवा, चाप हलका हवा, आणि पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच व जाड हवी, अशा त्याच्या अटी होत्या. पण अटी नीट वाचाव्यात. उंच आणि जाड माशी मागणारा माणूस नेमाचा विचार करतो आहे. हलका चापही नेम हलू नये म्हणूनच मागतात. विंचेस्टरनेही १८७५ पासून 'वन ऑफ वन थाउजंड' नावाने निवडक १८७३ रायफली विकल्या. नळ्यांची चाचणी घेऊन ज्यांचा नेम सर्वांत अचूक ठरे, त्या वेगळ्या काढून त्यांना खास चाप बसवायचा आणि १०० डॉलर किंमत लावायची, अशी ती योजना होती. या मॉडेलच्या अशा रायफली दीडशेच्याही आत बनल्या. एकोणिसाव्या शतकात ज्याला पैसे मोजून बंदूक सुधारायची होती, तो अचूकता विकत घेत होता. आजचा स्पर्धक लिव्हरच्या प्रवासातील इंच विकत घेतो. दोन्हींना 'ट्यूनिंग' हा एकच शब्द लावला, की या फरकावर पांघरूण पडते.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे : खुद्द सैन्यानेच भार हलका केला होता. हेही खरे. ४० ग्रेनचा भार जड वाटल्याने फ्रँकफर्ड आर्सेनलने सैनिकी काडतुसात दारू सुमारे ३० ग्रेनवर आणली. मात्र गोळी २५० ग्रेनच्या आसपासच राहिली, कारण घोडेस्वाराचे शस्त्र घोड्यालाही आडवे करू शकले पाहिजे अशी अपेक्षा होती. सैन्याने चौथा हिस्सा दारू कमी केली, गोळीचे वजन राखले. खेळाने वजन आणि वेग दोन्ही उतरवले आणि तळच्या मर्यादेवर येऊन विसावला. पहिल्या कृतीचा दाखला दुसरीला लागू पडत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक : हा खेळ आहे, इतिहासाचा वर्ग नव्हे. हे मान्य करायला काहीच हरकत नव्हती. टोपणनावासाठी चित्रपटातील पात्रही चालते, अशी सोय नियमांत आहेच. म्हणजे रुपेरी पडद्याचे ऋण या मंडळींनी उघडपणे मानलेले आहे. पण मग त्याच नियमपुस्तकात दुसरी अट का असावी? आतील बदल चालतील, फक्त बंदूक बंद अवस्थेत असताना ते बाहेरून दिसता कामा नयेत, असा तिचा आशय आहे. खेळ केवळ खेळ असता तर दिसण्याची एवढी काळजी करावी लागली नसती. धनुर्विद्येच्या स्पर्धेत आधुनिक धनुष्य आधुनिकच दिसते, त्यावर कोणी लाकडाचा देखावा चढवत नाही. येथे मात्र जुनेपणाची सगळी पत पृष्ठभागाने कमवायची आणि गतीची सगळी कमाई आतल्या भागांनी करायची, अशी वाटणी झाली आहे. खिशातील घड्याळाची साखळी काळाला धरून आहे की नाही यावर वाद घालणाऱ्या माणसाला सांध्यांच्या भूमितीत एकविसावे शतक आलेले चालते.

आणि बघणाऱ्याला यातले फक्त बाहेरचे दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आक्षेप घ्यायचा तो येथे. वेषभूषेने विश्वास कमावला जातो आणि तो विश्वास वेगाच्या दाव्याला उसना दिला जातो. ही फसवणूक कोणी हेतुपुरस्सर करत नाही. रचनाच अशी आहे की ती घडत राहते.

तुलनेसाठी टोम्बस्टोन घ्यावे. २६ ऑक्टोबर १८८१. अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे एका बाजूला, क्लँटन व मॅक्लॉरी दुसऱ्या बाजूला. अंतर अवघे काही फुटांचे. सुमारे तीस सेकंदांत सुमारे तीस गोळ्या सुटल्या, त्याही अनेक हातांतून. तिघे ठार झाले, तिघे जखमी, आणि काही जण पळून गेले. आजचा पट्टीचा स्पर्धक एकटा चार शस्त्रांतून चोवीस गोळ्या वीस सेकंदांच्या आत झाडतो आणि एकही चुकत नाही. या दोन आकड्यांवरून पूर्वीचे लोक अडाणी होते असा निष्कर्ष काढणारे महाभाग आहेत. समोरचा माणूस पोलादी पाटी नसतो, धूर डोळ्यांत जातो आणि २५५ ग्रेनची गोळी हात उडवते, एवढे लक्षात घेतले की तीस सेकंद फार थोडे वाटू लागतात. त्या चकमकीचे तात्कालिक कारण शहरात शस्त्र बाळगण्यावरील बंदीची अंमलबजावणी हे होते, ही गोष्ट तर चित्रफितींच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

काळाच्या सीमारेषेबाबतही हीच ढिलाई. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकेत 'सरहद्द' उरली नाही असे अधिकृतपणे नोंदवले गेले. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने त्यावरच आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त उभारला. या खेळात सर्रास चालणारी विंचेस्टरची सरकदस्त्याची शॉटगन मात्र १८९७ची आहे. सरहद्द संपली आणि मग बंदूक आली.

सुरक्षेचा एक मुद्दा येथे टाळता येत नाही. मूळ १८७३ रायफलीत लिव्हर पूर्ण मिटेपर्यंत चाप ओढू न देणारी छोटी खिट्टी आहे, आणि तिचीही स्वतःची स्प्रिंग आहे. गतीच्या नादात तीही हलकी केली जाते. सांधा पुरता ताठ होण्यापूर्वी बार उडाला, तर कवच फुटून तप्त वायू आणि पितळ मागे येते. दाराला आधार देणारा हा गुडघा मुळातच फार बळकट नाही. खालच्या मर्यादेवरचे काडतूस म्हणून हे पुष्कळदा निभावते. पण १८७३च्या अभियंत्याने ती खिट्टी शोभेसाठी बसवली नव्हती.

या खेळाच्या जमेला काही नाही असे कोणी म्हणू नये. सहा कोठ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या कोठीवर ठेवायचा, ही त्या काळची शहाणी सवय येथे आजही सक्तीची आहे. व्हॅकेरोच्या सुरक्षा-पट्टीमुळे तिची यांत्रिक गरज उरली नसली तरी नियम सर्वांना सारखाच. काळ्या दारूचे स्वतंत्र वर्गही आहेत. टोपी-आणि-गोळीची, काडतुसापूर्वीच्या पिढीची रिव्हॉल्व्हरे वापरणारा वर्गही आहे. 'नॅशनल काँग्रेस ऑफ ओल्ड वेस्ट शूटिस्ट्स' ही दुसरी संघटना अस्सलपणाबाबत बरीच कडक आहे. न जमवलेली प्रतिकृती, पूर्ण भाराची काळी दारू, मूळ वजनाची गोळी आणि मध्ये न पुसता झाडलेल्या पन्नास फैरी : सिलिंडर कितव्या फैरीला अडले, धूर विरायला किती वेळ लागला, कोणती स्प्रिंग मोडली, एवढी नोंद कोणी काळजीपूर्वक ठेवली तर ती इतिहासकाराच्या उपयोगी पडेल. तिला लाखो दर्शक मिळणार नाहीत, हे उघड आहे.

तोवर चित्रफीत समोर आली की तीन गोष्टी पाहाव्यात. बार उडाल्यावर पांढरा धूर किती निघतो. निघत नसेल तर आत काळी दारू नाही. लिव्हर किती खाली जाते. हाताचे मनगट जेमतेम हलत असेल तर सांधे बदललेले आहेत. आणि रिव्हॉल्व्हरची नळी प्रत्येक फैरीला आकाशाकडे उसळते का. उसळत नसेल तर तो ६०चा आकडा आठवावा.

#इतिहास #अमेरिका #शस्त्रेतिहास

(धागा समाप्त)